पाठ बघून सीट देणारा मिस्त्री

आमच्या घरात खुर्ची एकच होती. लोखंडी, घडीची, हिरव्या नायलॉनच्या पट्ट्यांची. ती पाहुण्यांसाठी. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे, त्यामुळं खुर्ची भिंतीला टेकून उभी असायची आणि आम्ही चौघं फरशीवर. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पाठीमागं पत्र्याची एक खोली. आबा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी म्हणजे बारा तास उभं. मागांच्या दोन रांगांमधल्या बोळात इकडून तिकडं फिरत राहायचं, कुठं धागा तुटला, कुठं सुताची कांडी संपली ते बघायचं. घरी आले की उंबऱ्यावर टेकायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर. त्या खुर्चीवर आबांना बसलेलं मी कधी बघितलं नाही. आई टॉवेलच्या कडा शिवायची. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की भावाला नि मला ती ओल्या टॉवेलखाली झोपवायची.

दहावीला मी ती खुर्ची ताब्यात घेतली. खुर्चीवर पुस्तक, खाली मी. बारावी तशीच झाली, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. तशीच झाली. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. पुढं एम.एस्सी., बी.एड. केलं आणि आज मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. नोकरी कायम झाल्यावर मी जुनी का होईना, एक गाडी घेतली. पण तोवर आबांची कंबर गेली होती.

कंबर गेली म्हणजे काय, ते सांगते. उभं राहता यायचं, आडवं होता यायचं. बसता यायचं नाही. दहा मिनिटं बसले की कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचं वय नाही. शेक द्या, आणि बसवायचं असेल तर पाठीचा कोन सारखा बदलत ठेवा.

आबांची थोरली बहीण, त्यांची आक्का नि माझी आत्या, माळशिरस तालुक्यात आमच्या मूळ गावी राहते. आबांची आई लवकर गेली. मेंढरांमागं फिरताना या बहिणीनंच त्यांना पाठीवर वागवलं होतं. आता आत्याचे गुडघे धरलेले, ती कुठं जाऊ शकत नव्हती. दर रविवारी फोन यायचा. "कवा येतुयास रं?" आणि आबा म्हणायचे, "आलोच की." चार वर्षं आबा 'आलोच की' म्हणत होते.

गाडी घेतल्यावर पहिल्याच रविवारी मी आबांना घेऊन निघाले. मोहोळच्या अलीकडं आबांनी दाताखाली टॉवेल धरला. मोहोळला त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि गाडी वळवली. परत येताना ते एवढंच बोलले, "गाडी चांगली हाय पोरी. मीच बिगडलोय."

त्यानंतर मी त्या मिस्त्रीकडं गेले.

* * *

त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. दुकानाला नाव नव्हतं. पत्र्यावर पांढऱ्या रंगानं एवढंच लिहिलेलं: 'घाई असल्यास पुढच्या दुकानात जावे', आणि बाण. बाणाच्या दिशेला कडक भाकरीचं दुकान होतं. भाकरीवाली मला हसत म्हणाली होती, "दिवसातनं दोन-तीन गाड्या तरी येतात की माझ्याकडं. हॉर्न दुरुस्त करा म्हनत्यात."

सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. तो अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावचा. मराठी बोलता बोलता कानडीत शिरायचा आणि त्याच्या ते ध्यानातही यायचं नाही. गाडीच्या वायरिंगचं आणि सीटचं काम करायचा. एकटाच. हाताखाली माणूस का नाही विचारलं तर म्हणायचा, "दोन मान्सं असली की वायर एक जोडतो आणि दुसऱ्याला वाटतं ह्यानं जोडली." त्याला गाडी चालवता येत नव्हती. सायकलवरून यायचा. तीस वर्षं गाड्यांत हात घालणारा माणूस गाडी चालवत नाही, याचं मला नवल वाटलं. तो म्हणाला, "आत काय काय चाललेलं असतंय ते मला ठावं हाय मॅडम. म्हनून."

पहिल्या दिवशी मी तयारीनं गेले होते. एका कागदावर आकृती काढली होती. बारा व्होल्ट, शेकाच्या जाळीचे साधारण साठ वॅट, म्हणजे पाच अँपिअर; बटणावर भार नको म्हणून रिले; किती जाड वायर, किती अँपिअरचा फ्यूज. मला वाटलं, माणूस चकित होईल. त्यानं कागद बघितला, घडी केली, खिशात ठेवला आणि विचारलं, "वडील उठताना कुठला हात टेकतात?"

मी त्याच्या खिशातल्या कागदाकडं बघितलं.

"जेवायला बसताना कुठल्या कुशीला झुकतात?"

"ते उभ्यानंच जेवतात," मी म्हणाले.

"इल्ला री, न्हाय मॅडम. हे गणित बरोबर हाय, पण हे जाळीचं गणित हाय. मानूस बघून या."

मी तशीच परत आले. रागानं आले, खोटं कशाला सांगू. पण आठवडाभर आबांकडं बघितलं. उठताना ते डाव्या हातानं भिंत धरायचे, उजवा कमरेवर असायचा. खोकला आला की आधी गुडघा वाकवायचे. इतकी वर्षं एका खोलीत राहून यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ते सगळं मी वहीत लिहून नेलं, तेव्हा मिस्त्रीनं मला पहिल्यांदा चहा पाजला.

सीट त्याच्याकडं आधीपासून होत्या. माझ्याच गाडीच्या कंपनीच्या मोठ्या गाडीतल्या दोन सीट, विजेवर हलणाऱ्या, आतून शेक देणाऱ्या. ती गाडी मागून चेपली गेली होती, पुढचा भाग शाबूत होता. दोन वर्षं त्या सीट त्यानं पोत्यांखाली झाकून ठेवल्या होत्या.

"गिऱ्हाईक मिळालं नाही?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक लई आली. पाठ आली न्हाय."

त्याची रीतच तशी होती. दुकानात एक लाकडी स्टूल होतं, ज्याला पाठ नाही असं. सीट मागायला आलेल्याला तो त्यावर बसवायचा, आणि स्वतः मागं उभा राहून पाठ बघायचा. पाच मिनिटं, कधी अर्धा तास. एका बांधकामवाल्याला त्यानं माझ्यासमोर परत पाठवलं. "मालक, तुमच्या पाठीला काय बी झालेलं न्हाय. पोट कमी करा."

आमच्या सोलापुरात ज्याला त्याला मालक म्हणायची पद्धत आहे. रिक्षावाला मालक, भाजीवाला मालक. पण आबांना कुणी मालक म्हटलं की ते मागं वळून बघायचे. खरा मालक मागं उभा असेल, असं त्यांना वाटायचं.

* * *

एप्रिल महिना. सोलापूरचा एप्रिल. डांबर मऊ झालेलं, कावळे नळाखाली. आणि मी गाडीत शेकाची सीट बसवून घेत होते. ही बातमी त्या रस्त्याला पसरायला वेळ लागला नाही. समोरचा चहावाला रोज एकदा यायचा.

"मॅडम, उन्हात लावा की गाडी! फुकटात शेक मिळंल."

"उन्हानं वरचं कातडं भाजतंय," मिस्त्री गाडीखालूनच बोलायचा. "ह्यांना हाडाला शेक पायजे. तू चा उकळ."

"मग पुढच्या साली बर्फाचं मशीन बसिवनार का?"

"तुझ्या डोक्यावर बसिवनार."

आबांना मी दुकानात घेऊन गेले तो दिवस मला नीट आठवतो. मिस्त्रीनं स्टूल पुसलं आणि म्हणाला, "कुंद्री." कानडीत कुंद्री म्हणजे बसा. सोलापुरात एवढं सगळ्यांना कळतं.

आबा म्हणाले, "असू द्या. हितं बरं हाय."

"बसल्याबिगर पाठ कशी बघू?"

"उभ्यानं बघा की. मला उभं ऱ्हायची सवय हाय."

मी मध्ये पडले. म्हटलं, मिस्त्री, त्यांना खरंच बसवत नाही, उगीच त्रास नको.  मग त्यानं स्टूल बाजूला केलं आणि आबांची पाठ उभ्याउभ्याच बघितली. बोटांनी मणके मोजले, वितीनं माप घेतलं. आम्ही निघालो तेव्हा स्वतःशीच पुटपुटला, "तीस वर्षांत पयली पाठ, उभ्यानं बघितलेली." तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नंतर आबा रोज सकाळी दुकानात जाऊ लागले. चालत. मी कॉलेजला गेले की ते निघायचे. दुकानाच्या दाराशी हाताची घडी घालून उभे राहायचे आणि काम बघायचे. रोज मिस्त्री म्हणायचा, "कुंद्री." रोज आबा म्हणायचे, "असू द्या."

तिथं बघण्यासारखंही होतं. काम सुरू करण्याआधी मिस्त्री बॅटरीची तार काढायचा, आणि मग गाडीकडं पाठ करून बसायचा. चांगला पंधरा-वीस मिनिटं. का? तर सीटखाली पिवळ्या रंगाचा एक जोड असतो, एअरबॅगचा. बॅटरी सोडवली तरी त्यात वीज रेंगाळत राहते. ती जायच्या आत पिवळ्याला हात लावला तर फुगा तोंडावर फुटायचा. फिजिक्सच्या भाषेत सांगायचं तर कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ द्यायचा. मिस्त्री म्हणायचा, "निवू द्या. रागातल्या मान्साकडं बघायचं नसतंय."

मग खडूनं तो सगळं वायरिंग दुकानाच्या फरशीवर काढायचा. गाडीत जेवढं लांब, तेवढंच लांब फरशीवर. बॅटरी दाराशी, सीट मोरीपाशी. आलेल्या माणसानं रेषेवर पाय द्यायचा नाही. चहावाला भिंतीला घासत यायचा, कप वर धरून. प्रत्येक वायरीच्या टोकाला मिस्त्री रंगीत सुताचा तुकडा बांधायचा म्हणजे कुठली कुठं जाते ते कळावं. सूत मागांवरच्या कचऱ्यातलं. लाल सूत म्हणजे सीट पुढं-मागं करणारी मोटर, हिरवं म्हणजे पाठ वाकवणारी, भगवं म्हणजे शेक.

तिसऱ्या दिवशी आबांना राहवलं नाही. "मिस्त्री, रागावू नगा. ह्यी गाठ हिसक्यानं सुटंल."

"सुटत न्हाय. तीस वर्षं बांधतोय."

आबांनी वायर हातात घेतली आणि एक हिसका दिला. गाठ सुटली. मग त्यांनी दोन टोकं चिमटीत धरली, अंगठा फिरवला, झालं. डोळ्याची पापणी लवायच्या आत. तुटलेला धागा जोडायची मागावरची गाठ ती. मिस्त्रीनं ओढली, दातानं ओढली, पकडीनं ओढली; सुटली नाही.

"पुन्ना करा."

आबांनी पुन्हा केली.

"हळू करा की, दिसत न्हाय!"

"हळू केली की चुकती," आबा म्हणाले.

माझ्या गाडीतल्या सगळ्या गाठी आबांच्या आहेत. उभ्यानं बांधलेल्या.

एक गोष्ट मात्र त्यानं कुणाचं ऐकून केली नाही. नव्या सीटचे चार बोल्ट माझ्या गाडीच्या भोकांना जुळेनात. मागचे दोन जुळले, पुढचे दोन नाही. मी म्हटलं, पातळ पट्टी लावून वेल्डिंग करू. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी विद्यार्थिनी झाले. लेथवाल्याकडून जाडजूड लोखंडी पट्ट्या कापून आणल्या, बोल्टनं कसल्या, आणि सीटला साखळी बांधून साखळीचं दुसरं टोक समोरच्या कडुलिंबाला. मग चेनपुलीनं ओढत बसला. झाडाची पानं हलली, गाडी हलली, सीट हलली नाही.

"सीट गरम न्हाय झाली तर मानूस थंडीनं मरत न्हाय," तो घाम पुसत म्हणाला. "सीट उपटली तर मरतो."

माझ्या बाजूची सीटही त्यानं बसवली, मोटरी जोडल्या. शेक मात्र जोडला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तुमची पाठ अजून चांगली हाय. फुकट लाड कशाला?" वायर तिथवर आणून, टोकावर भगव्या सुताची गाठ मारून ठेवली. "लागंल तवा या."

* * *

अकराव्या दिवशी काम पुरं झालं. मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

मिस्त्रीची एक खबरदारी होती. सीट रिकामी असताना चुकून शेक चालू राहिला तर फोम करपतो. म्हणून त्यानं शेक सीटमधल्या चकतीतून नेला होता. माणूस बसला की ती चकती दबते आणि बेल्ट लावा म्हणून दिवा लागतो, तीच. माणूस बसला तरच शेक. रिकाम्या सीटला शेक नाही. मला ती युक्ती फार आवडली. माझ्या कागदावर ती नव्हती.

त्यानं आधी ज्वारीचं अर्धं पोतं सीटवर ठेवलं. दिवा लागला. बटण दाबलं. पाच मिनिटांनी पोत्याचा तळ गरम. मग तो स्वतः बसला. गरम. मग मी बसले. एप्रिलच्या दुपारी, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, मी गरम सीटवर बसून आनंदानं घाम गाळत होते. चहावाला म्हणाला, "मॅडम, आता अंड्यावर बसल्यावानी दिसताय."

मग आबा बसले.

दिवा लागला नाही. शेक नाही.

"उतरा," मिस्त्री म्हणाला. पोतं ठेवलं. लागला. पोतं काढलं, आबा बसले. नाही.

बॅटरी काढली. वीस मिनिटं पाठ करून बसला. सीट उचकटली, चकतीचा जोड बघितला, मीटर लावला. सगळं ठीक. पुन्हा बसवली. पोतं गरम, मी गरम, आबा गार. पुन्हा बॅटरी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी त्यानं गाडीच्या पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंगची तार नव्यानं घट्ट केली. बाहेर आला. घामानं बनियन भिजून निघालेलं. आबा गाडीत चढले.

नाही.

चहावाल्यानं रिकामे कप उचलले.  मला मोहोळ दिसायला लागलं, दातात धरलेला टॉवेल दिसायला लागला. वाटलं, आपण शिकलो, नोकरीला लागलो, गाडी घेतली, तरी आबांना एका सीटवर बसवता येत नाही. आबा खाली उतरायला लागले. म्हणाले, "असू द्या मिस्त्री. तुमी लई केलंसा. माझंच वजन कमी हाय."

"पोत्यापरास तुमचं वजन दुप्पट हाय," मिस्त्री म्हणाला. "उतरू नगा. तसंच ऱ्हावा."

मग त्यानं ते स्टूल आणलं. गाडीच्या उघड्या दारासमोर ठेवलं आणि त्यावर स्वतः बसला. गुडघ्यावर हात ठेवून आबांकडं बघत राहिला.  वायरीकडं बघेना, मीटरकडं बघेना. आबा अवघडले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं विचारलं, "काका, कारखान्यात तुमी कुटं बसायचा?"

"बसाय कुटं येळ व्हता?"

"जेवायच्या सुट्टीत?"

"सुताच्या पेटीच्या कडंला टेकायचो. मालक आला की उठाय पायजे की."

"पेटीच्या मदी न्हाय?"

"मदी कसं? सूत मळंल."

मिस्त्री माझ्याकडं वळला. "मॅडम, बघा."

आणि मी बघितलं. आबा सीटच्या पुढच्या चार बोटांवर बसले होते. सगळा भार दोन्ही पायांवर, पाठ सरळ, मागं एक पोतं सहज मावेल एवढी जागा मोकळी. हात सीटला लागू नयेत म्हणून मांडीवर. हाक आली की उठायला तयार. सीटच्या मधोमध असलेल्या चकतीपर्यंत आबा पोचलेच नव्हते. मोहोळच्या वाटेवरही ते असेच बसले असणार. मी रस्त्याकडं बघत होते.

"गाडीत चूक न्हाय," मिस्त्री म्हणाला. "चूक माझी. मी तुमची पाठ उभ्यानं बघितली. तुमी अजून बसलाच न्हाय, काका."

आबा खाली बघायला लागले. "नवी सीट हाय. घामाचा मानूस मी. मळंल."

"हितं मालक कोन?"

आबांनी माझ्याकडं बोट केलं. "ही."

"ही डायवर हाय!" मिस्त्री ओरडला. "मालक डावीकडं बसतोय. मालकानं मागं टेकायचं असतंय, न्हाय तर डायवरला बरं वाटत न्हाय. इचारा तिला."

"मला बरं वाटत नाही, आबा," मी म्हणाले. 

"मागं सरका. अजून. पाक मागं, भिंतीला लागल्यावानी. हां. आता पाठ सोडा. सोडा की! धरून काय ठेवलंय?"

आबा सरकले. बोटभर, मग वीतभर. पाय जमिनीवरून सैल झाले. पाठ सीटला टेकली.

दिवा लागला.

 मिस्त्रीनं हात लांब करून बटण दाबलं. ते बटण त्यानं आबांच्या उजव्या हाताला बसवलं होतं, माझ्या वहीत लिहिलं होतं म्हणून. डावा हात दारावर टेकायला मोकळा. मग हिरव्या सुताची मोटर चालू केली, पाठ हळूहळू मागं झुकली. आबांनी डोळे मिटले. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले,

"मेंढीला टेकल्यावानी लागतंय."

"काय?"

"थंडीत आक्का आन मी मेंढीला टेकून निजायचो. माळावर. असंच लागायचं. खालनं बी ऊब, पाठीला बी ऊब."

चहावाल्यानं चार चहा आणले. आबांनी आपला चहा बसून प्यायला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, आबा उठले नाहीत. मिस्त्री मात्र उठून मोरीपाशी गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

* * *

आता तिथं ते दुकान नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढची पत्र्याची सगळी शेडं गेली. मिस्त्री सायकल एसटीवर टाकून आपल्या गावी गेला, असं भाकरीवालीनं सांगितलं. तिकडं विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करतो म्हणे. त्याचा फोन नंबर माझ्याकडं आहे, 'मिस्त्री' याच नावानं. तीनदा मी फोन केला, तिन्ही वेळा त्यानं "कोन?" असं विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाला, "हां, उभी पाठ." माणसाचं नाव त्याच्या लक्षात राहायचं नाही.

पहिला फोन मी आत्याच्या दारातून केला होता. काम झाल्यानंतरचाच रविवार. सकाळी लवकर निघालो. मोहोळ आलं, मी वेग कमी केला. आबा म्हणाले, "का गं, थांबतीस? चल की." वेळापूरजवळ एकदा चहाला थांबलो, तेही मला हवा होता म्हणून. वाटेत आबा दर थोड्या वेळानं बटणावर अंगठा ठेवायचे, पाठ जराशी पुढं, जराशी मागं. मोटरीचा आवाज ऐकायचे मान कलती करून, मागाचा ऐकायचे तसा.

आत्या ओट्यावर बसली होती. गाडी थांबली तरी तिला वाटलं, दुसऱ्या कुणाची असंल. आबा दार उघडून डावा हात टेकून उतरले.

"आलोय," आबा म्हणाले.

आत्या कितीतरी वेळ त्यांचा हात चाचपत राहिली. मग म्हणाली, "चार साल आलोच की, आलोच की. मला वाटलं ह्यो वरच भेटतोय आता."

मी मिस्त्रीला फोन लावला. पोचलो, म्हणून सांगितलं. ओळख पटल्यावर त्यानं एकच विचारलं, "पाठ टेकून?"

"सगळी वाट," मी म्हणाले.

"साकु," तो म्हणाला. म्हणजे पुरे. फोन ठेवला.

दुपारी जेवणं झाल्यावर आबांनी आत्याला धरून गाडीपाशी आणलं. "आक्का, बस हितं. दावतो तुला." आत्या बसली. सीटच्या कडेला, चार बोटांवर, लुगडं आवरून. "मळंल रं," म्हणाली. दिवा लागला नाही. आबा माझ्याकडं बघून हसले आणि तिच्यापुढं वाकले.

"मागं सरक, आक्का. पाक मागं. मेंढीला टेकायचीस तशी."

दिवा लागला.

दुपार कलताच आम्ही परतीला लागलो आणि उजेड होता तोवर घरी पोचलो. माझ्या सीटखाली ती भगवी गाठ अजून तशीच आहे. आबा सोलापुराहून बहिणीच्या घरी बसून गेले, आणि बसून परत आले.